सिलाट: माती, पाणी, आग, वारा... आणि आकाश?

जोहोरकर

२०२३ मध्ये गोव्यात ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात पेंचाक सिलाट ही मलय-इंडोनेशियन युद्धकला पहिल्यांदाच खेळवली गेली. तेव्हापासून नातेवाईक विचारतात, "तू तिकडे मलेशियात शिकतोस ते हेच का?" हेच, पण निम्मंच. छातीला पॅड बांधून मॅटवर गुणांसाठी लढतात ते सिलाटचं सगळ्यात तरुण रूप. १९८० मध्ये जाकार्तात आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, १९८७ पासून आग्नेय आशियाई स्पर्धांत हा खेळ आला आणि २०१८ मध्ये आशियाई स्पर्धांत त्याला पदकं मिळाली. (तेव्हा यजमान इंडोनेशियानं १६ पैकी १४ सुवर्णपदकं नेली. इथे तो विषय काढू नये.)

धागा काढलाय तो जुन्या, गावातल्या सिलाटबद्दल. त्यात मारामारीइतकंच महत्त्व काही कल्पनांना आहे, आणि त्या कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. मी शिकतो त्या शाखेला 'सिलाट तुआ' म्हणतात, म्हणजे जुनं सिलाट. परंपरेनुसार तिचं मूळ पातानीत, म्हणजे आजच्या दक्षिण थायलंडमधल्या मलय मुलुखात. या शाखेचा कणा म्हणजे चार तत्त्वं: तानाह (माती), आयेर (पाणी), आपी (आग), आंगिन (वारा).

कराटेतल्या 'काता'सारख्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका इथे जवळपास नाहीत. गुरू सांगतात, "आज माती." बस, एवढंच. तुम्ही पाय रोवून, जड होऊन चालायला लागता. ते बघतात. हात कुठे ठेवायचा, गुडघा किती वाकवायचा हे सांगत नाहीत. मनात मातीची कल्पना पक्की झाली की शरीर आपोआप तसं होतं, असा हिशेब. होत नाही, हे निराळं. सुरुवातीला नुसतं हत्तीसारखं चालणं होतं.

उदाहरण देतो. समोरच्यानं तुमचं मनगट पकडून ओढलं. माती असेल तर तुम्ही वजन खाली सोडता, त्याच्या ओढीला काही हाती लागत नाही, उलट तोच पुढे झुकतो. पाणी असेल तर तो ओढतो तिकडेच तुम्ही जाता, पण त्याच्या अपेक्षेपेक्षा जरा जास्त, आणि कोपराखालून वळून त्याच्या पाठीशी पोचता. आग असेल तर पकड बसण्याचीही वाट बघायची नाही, हात पुढे येतानाच आत शिरून फटका. वारा असेल तर मनगट तिथे नसतंच, तुम्ही कडेला फिरलेले असता. पकड एकच आणि पाऊलही जवळपास तेच. बदलतो तो फक्त स्वभाव.

स्वभाव हाच इथला कळीचा मुद्दा. मी जात्याच तापट, म्हणून मला महिनोन्‌महिने माती दिली. माझ्यासोबत एक शांत मुलगा आहे, कोणी ढकललं तरी हसतो, त्याला आग. आपल्यात जे आहे ते घासून धारदार करणं हा इथला उद्देश नाही. जे नाही ते अंगी यावं लागतं. चारही हाताशी असले की कुठलं कधी वापरायचं हे ठरवावं लागत नाही, समोरचाच ते ठरवतो.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन, पोस्ट फार लांबली.

वाळूचा_किल्ला

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सदाशिव_पेठी

लेख चांगला, पण 'मलय' तत्त्वज्ञान कसलं? सरळसरळ आपली पंचमहाभूतं आहेत. पृथ्वी, आप, तेज, वायू. सुमात्रातलं श्रीविजय साम्राज्य, मलेशियातल्या केदाहची मंदिरं, हे सगळं माहीत असूनही लोक 'त्यांची प्राचीन परंपरा' म्हणतात याची गंमत वाटते.

जोहोरकर

पेठी, चार मोजलेत तुम्ही. पाचवं कुठाय?

केदाहमधल्या बुजांग खोऱ्यात हिंदू-बौद्ध मंदिरांचे अवशेष आहेत, मी जाऊन पाहिलेत. भारताचा ठसा इथे खोल आहे यात वाद नाही. पण आकाश वगळून उरलेली चार हा हिशेब आपला नाही. आपल्याकडे आकाश हे पहिलं, बाकीची त्यातून निघतात. ते गाळलं तर इमारतच उभी राहत नाही. माती-पाणी-आग-वारा असा चौकडा ग्रीकांकडून अरबी वैद्यकात आला आणि तिथून मुस्लिम व्यापारी, हकीम आणि सूफींबरोबर मलय बंदरांत. मलाक्काची सल्तनत पंधराव्या शतकातली. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी ती घेतली (अल्बुकर्क आदल्या वर्षी गोवा घेऊन मग तिकडे गेला). या काळात मलय शहाणपण घडलं ते या चौकड्याभोवती. त्याखाली जुने थर आहेतच. पण 'हे आपलंच' म्हणून मोकळं झालं की खरी गंमत निसटते.

हकीमचाचा

जोहोरकरांना दुजोरा. मी युनानी वैद्यक शिकलोय, त्यामुळे चौकडा ओळखीचा. फक्त मलय लोकांनी त्यात एक उलटापालट केलीय. युनानीत उष्णता म्हणजे जीवन, थंडी म्हणजे मरणाची बाजू. कॅरल लेडरमन नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात मलेशियातल्या तेरेंगानूच्या एका गावात राहून काम केलं. त्यांचं म्हणणं असं की मलय लोकांत थंडावा हा चांगला, तोच आशीर्वाद, आणि अति उष्णता भुताखेतांची, अनिष्ट. अपवाद बाळंतिणीचा. तिथे आपल्याकडे शेकशेगडी करतात तसंच त्यांच्याकडे निखाऱ्यांवर शेकणं. बाकी सगळीकडे गार राहा.

आता सिलाटमध्ये आगीचं काय होतं हे जोहोरकरांनी सांगावं. अनिष्ट मानलेलं तत्त्व मुद्दाम शिकायचं म्हणजे काय?

जोहोरकर

हकीमचाचा, नेमकं बोट ठेवलंत.

आग शिकल्यावर तिला विझवायचीही सोय लागते. इथल्या विधींमध्ये लिंबू फार असतं, ते याचसाठी. 'मांडी लिमाउ' म्हणजे लिंबाच्या पाण्यानं आंघोळ. नवीन विद्यार्थ्याला दाखल करून घेताना आणि गेलांगगांग, म्हणजे सिलाटचं मैदान, उघडताना बऱ्याच शाखांत हे करतात. सिलाट गायोंग या शाखेत 'पर्लिमाउ' नावाचा विधी आहे, त्यात डोळ्यांत लिंबाचा रस घालतात. ऐकायला भयंकर, पण करणारे सांगतात की नंतर नजर साफ होते. दाखल होताना गुरूला द्यायच्या वस्तूंतही पांढरं कापड, सुई-दोरा, लिंबं आणि थोडे पैसे असतात. शाखेप्रमाणे यादी बदलते.

दुसऱ्या टोकाला गायोंगमध्ये उकळत्या तेलात हात घालून अंगाला तेल चोळण्याचाही विधी आहे. म्हणजे आगीतून जायचं आणि गार राहायचं. बघायला मी गेलो होतो. घालायला नाही.

व्यवहारात आगीची अडचण साधी असते. सराव संपल्यावर विद्यार्थी तापलेलाच घरी जातो, बायकोवर ओरडतो, ट्रॅफिकमध्ये भांडतो. त्यामुळे आमच्याकडे आगीचा सराव शेवटी कधीच ठेवत नाहीत. शेवट पाण्यानं. मंद तारी, म्हणजे नाचासारखी हालचाल, मग जमिनीवर बसून दुवा, म्हणजे प्रार्थना.

तालीमकर

राम राम. मी कोल्हापूरचा, मर्दानी खेळ करतो, लाठी-पट्टा. एक विचारू का? तुमचे व्हिडिओ बघितले. निम्मा वेळ हातवारे, बोटं फिरवणं, नाच. लढाईत हे चालतं का? आमच्यात पण पवित्रे असतात, पण वार कुठून येणार हे दिसतं. तुमच्यात दिसतच नाही.

जोहोरकर

दिसत नाही हाच हेतू आहे हो :)

त्याला 'बुंगा' म्हणतात, फूल. आणि प्रत्यक्ष डाव म्हणजे 'बुआह', फळ. फुलातून फळ येतं असा क्रम. बोटं फिरतात तेव्हा खांदा-कोपर-मनगट मोकळं होतं, अंतर मोजलं जातं आणि पुढचा डाव झाकला जातो. लग्नात नवरा-नवरीसमोर नुसती बुंगा सादर करतात, सोबत दोन ढोल, गोंग आणि सनईच्या जातीची सेरुनाई. तिथे कोणी कोणाला पाडत नाही. बाहेरच्या माणसानं बहुतेक वेळा हेच पाहिलेलं असतं, म्हणून 'हा तर नाच' असा समज.

सगळ्या शाखा बुंगावाल्या नाहीत मात्र. केदाहमधलं सिलाट चेकाक तर बुंगा करतच नाही. सरळ उभं राहायचं, हल्ला येईपर्यंत हलायचं नाही. इथे कोणी चेकाक करणारं असेल तर लिहा.

मिनी_क्वालालंपूर

मी करते! युनिव्हर्सिटीत चेकाकचा गट होता, तेव्हापासून.

खरं सांगायचं तर चार तत्त्वं वगैरे मी या धाग्यावर पहिल्यांदा वाचतेय. आमच्याकडे कोणी 'आज पाणी' म्हणालं तर हसतील. आमच्यात नाच नाही, प्राण्यांच्या हालचाली नाहीत, खोल बैठक नाही. चेकाक १९६०च्या दशकात उस्ताद हनाफी अहमद यांनी उघडपणे शिकवायला सुरुवात केली, तोवर ते काही मोजक्या लोकांतच होतं. बचावाच्या हातांच्या चार पद्धती आहेत, अ, ब, क, ड अशाच नावांच्या, आणि त्यांचा संबंध नमाजमध्ये हात जसे असतात त्याच्याशी लावतात. माणसानं माणसासारखं लढावं, वाघासारखं कशाला, असा आमच्या सरांचा आवडता टोमणा आहे. तो कोणाला असतो ते जोहोरकरांना माहीत असेलच.

त्यामुळे 'सिलाटचं तत्त्वज्ञान' म्हणून एक गोष्ट नाही. गावागणिक, गुरूगणिक वेगळं. शीर्षकात ते यायला हवं होतं.

सदाशिव_पेठी

मिनी यांचा मुद्दा बरोबर. म्हणजे चार तत्त्वं ही एका शाखेची गोष्ट, आणि धागा मात्र सगळ्या सिलाटच्या नावानं.

जोहोरकर

मिनी, टोमणा पोचला.

शाखा वेगळ्या हे खरंच. तरी एक गोष्ट चेकाकवालेही मानतात: बाहेरचं आणि आतलं. 'झाहिर' आणि 'बातिन'. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांची म्हण सगळीकडे ऐकू येते: सिलाटची बाहेरची बाजू मित्र शोधते, आतली बाजू देव शोधते. शत्रूबद्दलही त्यांचं वेगळं वाक्य आहे, शत्रू शोधू नये आणि समोर आला तर टाळू नये. हेच लोक सृष्टी उलगडली की तीच गुरू होते असंही म्हणतात. त्यांचं वाघाचं सिलाट जमिनीला चिकटून असतं. निसरड्या चिखलात उभं राहण्याचा हट्ट धरला तर पडणारच. सृष्टी गुरू ही कल्पना गावच्या जमिनीवर अशी उतरते. मलेशियातल्या नेगरी सेंबिलानमध्ये हीच मंडळी सुमात्राहून येऊन वसली.

आणि 'आंगिन' राहून गेलं. हकीमचाचांनी लेडरमनबाईंचं नाव काढलं म्हणून सांगतो, कारण त्यांच्या कामातला मला सगळ्यात भावलेला भाग हा. मलय गावांत आंगिन म्हणजे नुसता बाहेरचा वारा नाही. प्रत्येक माणूस जन्मतः आपला एक आतला वारा घेऊन येतो. कोणाचा गाण्याचा, कोणाचा मिरवायचा, कोणाचा लढायचा. हा वारा जोरकस असेल आणि त्याला वाट मिळाली नाही तर तो आत कोंडतो, माणूस आजारी पडतो. अंग दुखतं, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही. उपाय म्हणजे 'माइन पुतेरी' हा रात्रभर चालणारा विधी. वाद्यं वाजतात, रुग्ण भारावस्थेत जातो आणि आपला वारा खेळून घेतो: कोणी राजकुमार होतो, कोणी वाघ, कोणी सिलाटच्या हालचाली करतो. सकाळी बरं वाटतं.

आमच्या गुरूंचं मत असं की सिलाट शिकायला येणाऱ्या निम्म्या पोरांना शत्रू नसतोच, कोंडलेला वारा असतो. आता मी आयटीतला माणूस, रात्री घरी आलो की भिंतीकडे बघत बसायचो, त्यामुळे मला हे ऐकून हसू आलं नाही.

हकीमचाचा

हा शेवटचा परिच्छेद वेगळा धागा करण्याच्या लायकीचा आहे. पण माइन पुतेरी आता कितपत चालतं?

जोहोरकर

कमी. केलांतानमध्ये १९९०नंतर इस्लामी पक्षाचं राज्य सरकार आलं, त्यांनी माइन पुतेरी, माक योंग हे नृत्यनाट्य, छायाबाहुल्या यांच्या जाहीर प्रयोगांवर बंधनं घातली. म्हणणं असं की यात देव-भुतांना आवाहन होतं, ते धर्मात बसत नाही. सिलाटलाही ही झळ लागली. मंत्र पुटपुटणं, अंगावर वार न लागण्याची विद्या, पूर्वजांना बोलावणं, हे बऱ्याच गुरूंनी गाळलं किंवा त्या जागी कुराणातल्या आयती आणल्या. तत्त्वं मात्र टिकली, कारण चार तत्त्वांना कुठलाच मौलवी हरकत घेत नाही. ती तशीही मुस्लिम वैद्यकातलीच.

खानदेशी_मिर्ची

मंडळी, उशिरा येतोय पण एक धक्का देतो. पेठीकाका, खुर्ची घट्ट धरा.

मलय आणि जावाच्या सूफी विचारात 'मार्ताबात तुजुह' म्हणून कल्पना आहे, अस्तित्वाच्या सात पायऱ्या. ज्याला रूप नाही, नाव नाही त्या परमतत्त्वापासून सुरुवात, मग एकेक पायरी खाली उतरत शेवटी परिपूर्ण माणूस. जावातल्या पोथ्यांत, सुमात्राच्या उत्तर टोकाच्या आचेहमध्ये, मलय गावांतल्या गुरूंच्या बोलण्यात हे सात टप्पे पुन्हा पुन्हा येतात. बातिन सिलाट शिकवणारे गुरूही याच भाषेत बोलतात.

ही सात पायऱ्यांची मांडणी ज्या छोट्या अरबी ग्रंथातून तिकडे पसरली, तो १५९०चा. लिहिणारे शेख मुहम्मद इब्न फजलुल्लाह. आणि ते होते कुठले? बुर्‍हाणपूरचे! आमच्या खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी, आज मध्य प्रदेशात, रावेरहून उगवतीला थोडं पुढे. १६२० मध्ये ते वारले. त्या काळी बुर्‍हाणपूर-सुरत-मक्का-आचेह असा विद्वानांचा आणि यात्रेकरूंचा रस्ता वाहता होता.

पुढची गंमत: आचेहमध्ये हम्जा फनसुरी नावाचा सोळाव्या शतकातला मोठा कवी. देव म्हणजे समुद्र आणि जग म्हणजे लाटा, असं त्याचं काव्य. लाट उठते, मोडते, समुद्र तसाच. १६३७ मध्ये आचेहला नुरुद्दीन अल-रानिरी आला. हा सुरतजवळच्या रांदेरचा. त्यानं सुलतानाच्या पाठबळानं हम्जाच्या आणि त्याच्यामागून सात पायऱ्या शिकवणाऱ्या शम्सुद्दीनच्या विचाराला पाखंड ठरवलं, पोथ्या मशिदीपुढे जाळल्या, माणसंही मारली गेली. १६४४ मध्ये त्यालाच परतावं लागलं. म्हणजे तिकडच्या तत्त्वज्ञानाच्या भांडणात एका बाजूला बुर्‍हाणपूरचा ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूला रांदेरचा मुल्ला. तापीच्या दोन टोकांचं भांडण, समुद्रापार जाऊन!

सदाशिव_पेठी

हे खरंच माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा अर्धा तरी राहतोच: भारतातूनच गेलं ना?

खानदेशी_मिर्ची

भारतातून गेलं, पण काका, तुम्ही म्हणत होतात त्या भारतातून नाही :)

वाळूचा_किल्ला

तापीच्या दोन टोकांचं भांडण _/\_

एक शंका. समुद्र आणि लाटांचं काव्य वाचून पाणी तत्त्व आठवलं. चार तत्त्वं आणि हे सूफी प्रकरण एकमेकांना कुठे भेटतं? की दोन वेगळे प्रवाह?

जोहोरकर

मिर्ची, दंडवत. हे आमच्या गुरूंना सांगणार.

किल्ला, भेटतं ते माणसाच्या शरीरात. सूफी मांडणीत माणूस हा लहान जग: जे बाहेर आहे ते सगळं त्याच्यात आहे. म्हणून बाहेर चार तत्त्वं, आत चार तत्त्वं. काही गुरू पुढे जाऊन गर्भ कसा धरतो, त्यात कुठलं तत्त्व कुठून येतं, असं बारकाईनं सांगतात. त्यात गुरूगणिक फरक आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

आणि पेठीकाकांचं पाचवं. जावात 'सेदुलुर पापात, लिमा पान्चेर' म्हणतात: चार भावंडं आणि पाचवा मध्य. बाळाबरोबर जन्माला येणारं गर्भजल, वार वगैरे ही त्याची चार भावंडं, ती जन्मभर चार दिशांना त्याला राखतात. पाचवा मध्यात उभा तो स्वतः. बालीतही चार भावंडांची कल्पना आहे. मलय गावांतही वारेला बाळाचं भावंड मानून नीट पुरतात. ही जावाची गोष्ट आहे, सिलाट तुआची नाही, पण मैदानात उभं राहिल्यावर ती मला फार उपयोगी वाटते. चारही तत्त्वं आळीपाळीनं करताना जो बदलत नाही, तो कोण? गुरूंना हे विचारलं तर म्हणाले, "तू जास्त बोलतोस, माती कर."

तालीमकर

हा गुरू आपल्याला आवडला.

मला यायचंय तिकडे डिसेंबरमध्ये. बघायला मिळेल का? आणि हिंदू माणसाला शिकवतात का?

जोहोरकर

शिकवतात, पण शाखा बघून. गायोंगचे वर्ग सगळ्या धर्मांना खुले असतात, परदेशातही आहेत. या शाखेचे संस्थापक मेओर अब्दुल रहमान मलेशियातल्या पेराकचे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिंगापूरजवळच्या एका बेटावर शिकवायचे. गावातल्या लहान गुरूंकडे मात्र सुरुवात आणि शेवट दुव्यानं होतो, काही ठिकाणी शपथ मुस्लिम पद्धतीची असते. मी दुव्याच्या वेळी हात जोडून शांत बसतो, कोणाची तक्रार नाही. पहिल्याच दिवशी गुरूला स्पष्ट विचारा, आडपडदा ठेवू नका. त्यांना तेच आवडतं.

डिसेंबरमध्ये पूर्व किनाऱ्यावर, तेरेंगानू-केलांतानकडे, मोसमी पाऊस असतो, उघडी मैदानं बंद. पश्चिमेकडे या. लग्नाला आमंत्रण मिळवून देतो, बुंगा तिथे दिसेल. बुआह बघायचं असेल तर रात्री साडेनऊनंतर आमच्याकडे, जुना ट्रॅकसूट घेऊन. पट्टा आणू नका, विमानात घेणार नाहीत.